माया अवशेष बघायला जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या जुन्या माया शहरांकडे निघालेली मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सगळ्यात जास्त प्रश्न व्हिसा, शाकाहार आणि आई-बाबांचे गुडघे यांवर येतात, त्यामुळे ती उत्तरं जरा लांबली आहेत. तिकिटांचे दर आणि कुठे चढू देतात हे वरचेवर बदलतं. निघायच्या आठवड्यात त्या त्या ठिकाणची ताजी माहिती बघून घ्या.

१. माया अवशेष नेमके कुठे आहेत? माचू पिचू त्यातच येतं ना?

नाही. माचू पिचू इंकांचं आणि ते आहे दक्षिण अमेरिकेत, पेरू देशात. मेक्सिको सिटीजवळचं तेओतिवाकान हेही माया नव्हे, आणि मेक्सिको सिटीच्या पोटात गाडलं गेलेलं तेनोच्तित्लान अझ्टेकांचं. माया शहरं आहेत मेक्सिकोच्या आग्नेय टोकाला (युकातान, किंताना रो, कांपेचे, च्यापास, ताबास्को), ग्वाटेमालात, बेलीझमध्ये, होंडुरासच्या पश्चिम भागात आणि थोडी एल साल्वादोरमध्ये. त्यामुळे मेक्सिको सिटीत उतरून युकातानातलं प्रसिद्ध माया शहर चिचेन इत्सा ‘जाता जाता’ करायचा बेत जमत नाही. मध्ये विमानाचे दोन तास आहेत. थेट कान्कून किंवा मेरिदा गाठा.

२. एकच जागा बघायची असेल तर कुठली?

तिकाल. ग्वाटेमालाच्या पेतेन भागातल्या जंगलात हे शहर आहे. साधारण ६५ मीटर उंचीच्या चौथ्या मंदिरावरून बघितलं की खाली नुसतं रान, आणि रानातून वर आलेले इतर मंदिरांचे माथे. सकाळी हाउलर माकडांचा आवाज इतका भारदस्त असतो की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला मोठं जनावर जवळ आल्यासारखंच वाटतं.

कान्कूनलाच जाणार असाल तर तिकाल दूर पडेल. अशा वेळी लोक फक्त चिचेन इत्सा करून परततात, पण माझं मत विचाराल तर मेरिदात दोन रात्री काढून उश्माल बघा. मेरिदापासून ते ८० किलोमीटरवर आहे, गर्दी बरीच कमी, आणि दगडी जाळीकाम असं की एकेका भिंतीपुढे अर्धा तास सहज जातो. तिथल्या इमारतींच्या कोपऱ्यांवर लांब वाकड्या नाकाचे मुखवटे एकावर एक रचलेले दिसतील. पावसाचा देव चाक याचे ते, असं मानतात. या भागात नदी नाही, उश्मालला जवळ सेनोटे, म्हणजे चुनखडक खचून तयार झालेली नैसर्गिक विहीर, तीही नाही. लोक पावसाचं पाणी जमिनीखालच्या टाक्यांत साठवून वर्ष काढायचे. त्यांना पावसाच्या देवाची एवढी आठवण का, हे तिथे उभं राहिलं की वेगळं सांगावं लागत नाही.

शिल्पांची आवड असेल तर होंडुरासमधलं कोपान. तिथल्या ‘क्यू’ नावाच्या चौकोनी दगडाच्या चार बाजूंना चार-चार असे सोळा राजे बसलेत, आणि पहिला राजा सोळाव्याच्या हाती राजदंड देतोय. सुमारे साडेतीनशे वर्षांची वंशावळ एका दगडावर. राजांचा कंटाळा आला असेल तर एल साल्वादोरमधलं होया दे सेरेन बघा. इसवी सन ६००च्या सुमाराला ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं साध्या शेतकऱ्यांचं गाव आहे ते, घरं आणि स्वयंपाकघरांसकट.

३. कोणत्या महिन्यात जावं?

नोव्हेंबर ते मार्च. एप्रिल-मेमध्ये युकातानात पारा ४०च्या आसपास जातो आणि चिचेन इत्साच्या मोकळ्या पटांगणात सावली औषधालाही सापडत नाही. मे ते ऑक्टोबर पावसाळा, पण तो बहुतेकदा दुपारनंतरचा. पहाटे उठणाऱ्याला तो फारसा नडत नाही. जून ते नोव्हेंबर चक्रीवादळांचा हंगाम, तेव्हा तिकिटं रद्द करता येतील अशीच काढा. नाताळ आणि ईस्टरचा आठवडा टाळा.

४. कान्कूनहून निघून आठ वाजता चिचेन इत्साच्या दारात उभं राहायचंय. किती वाजता निघू?

घड्याळाची गंमत इथे आहे. कान्कून किंताना रो राज्यात आणि चिचेन इत्सा युकातान राज्यात. २०१५ पासून किंताना रोचं घड्याळ एक तास पुढे आहे. अंतर सुमारे २०० किलोमीटर, गाडीने अडीच तास. म्हणजे कान्कूनच्या साडेसहाला निघालात तर तिथल्या आठला पोचाल. परतताना मात्र हाच तास हातातून जातो. संध्याकाळचं विमान असेल तर हिशोब नीट करा. फोनवर विसंबत असाल तर त्याने टॉवर बदलल्यावर वेळ बदलली की नाही तेही बघा.

याहून सोपा उपाय म्हणजे आदल्या रात्री वायादोलिद गावात मुक्काम. तिथून चिचेन इत्सा जेमतेम ४५ किलोमीटर. कान्कूनच्या मोठ्या बसगाड्या दहा-साडेदहाला येऊन थडकतात, तोवर तुमचं अर्धंअधिक बघून झालेलं असेल. रविवार टाळलेला बरा, कारण मेक्सिकोच्या नागरिकांना त्या दिवशी पुरातत्त्व खात्याचं शुल्क माफ असतं आणि सहकुटुंब झुंबड उडते.

५. तिकीट किती? दोन खिडक्यांवर दोनदा पैसे घेतले, ही फसवणूक का?

फसवणूक नाही. चिचेन इत्सा आणि उश्मालला एक शुल्क राज्य सरकारचं आणि एक केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचं, अशी दोन तिकिटं लागतात. २०२४ मध्ये चिचेन इत्साला परदेशी माणसाला दोन्ही मिळून सहाशेच्या वर पेसो पडत होते. कालाकमुल आणि तुलूमला राखीव वनाचं किंवा उद्यानाचं आणखी वेगळं. एखाद्या खिडकीवर कार्ड चालेल, शेजारच्या खिडकीवर चालणार नाही, म्हणून रोख पेसो जवळ हवेतच. बाहेर रस्त्यावर हात दाखवून गाडी थांबवणारे आणि ‘तिकीट इथेच’ म्हणणारे लोक मात्र खरोखरच तिकीट खिडकीवाले नसतात. तिथे थांबू नका.

६. पिरॅमिडवर चढता येतं का?

जागेप्रमाणे. चिचेन इत्साचा प्रसिद्ध पिरॅमिड २००६ पासून चढण्यासाठी बंद आहे. दोरी ओलांडून धावत वर जाणारे अधूनमधून बातम्यांत झळकतात, त्यांना दंड होतो आणि खाली उतरल्यावर जमाव हुर्यो उडवतो तो वेगळाच. उश्मालच्या जादूगाराच्या पिरॅमिडवरही बंदी आहे. पालेंकेत पाकाल राजाची कबर जिथे १९५२ मध्ये सापडली, त्या शिलालेखांच्या मंदिरावरही जाऊ देत नाहीत.

चढायचीच हौस असेल तर मेक्सिकोत कालाकमुल. दुसऱ्या क्रमांकाची तिथली वास्तू ४५ मीटरच्या वर आहे. बेलीझमध्ये शुनानतुनिच आणि काराकोल. तिकालला पहिल्या मंदिरावर बंदी, पण दुसऱ्या आणि चौथ्यावर लाकडी जिन्याने जाता येतं. ‘कोबा’ आणि ‘एक बालाम’ या दोन ठिकाणचे नियम गेल्या काही वर्षांत उघडझाप करत राहिलेत, त्यामुळे केवळ चढण्यासाठी तिथे जाणार असाल तर आधी चौकशी करा.

चढणं सोपं, उतरणं अवघड. पायऱ्या अरुंद आणि उंच असतात. तोंड पायऱ्यांकडे करून किंवा तिरकं उतरा.

७. आई-बाबांना गुडघेदुखी आहे. त्यांना झेपेल का?

न चढता बघायचं असेल तर नक्की. चिचेन इत्सा सपाट आहे, फक्त वाटा खडी-मातीच्या. उश्मालला थोडे चढउतार, पण राज्यपालांच्या वाड्याचा चौथरा सोडला तर बाकीचं खालून छान दिसतं. कोपान सगळ्यांत सोयीचं. गाव अवशेषांपासून सुमारे किलोमीटरभर, मुख्य चौक हिरवळीचा, आणि उत्तमोत्तम शिलास्तंभ जमिनीवरच उभे. प्रसिद्ध चित्रलिपीचा जिना छताखाली झाकलेला आहे, तो खालूनच बघायचा असतो, म्हणजे तिथे तरुणांनाही वेगळी सवलत नाही.

तिकालला अंतरं लांब आहेत आणि मुळं वर आलेल्या रानवाटा आहेत. दारापाशी विचारलं तर आतल्या भागापर्यंत वाहन मिळू शकतं. कालाकमुल वयस्कांसाठी सोडून द्या. महामार्गापासून आत ६० किलोमीटर जंगलरस्ता, वाटेत दुकान नाही, आणि मग तिथली पायपीट. सगळीकडे सकाळच्या दोन-तीन तासांतच उरका, टोपी आणि इलेक्ट्रॉलचं पाकीट सोबत ठेवा.

८. विषुवदिनाला चिचेन इत्साच्या पिरॅमिडवरून साप उतरतो, तो बघायलाच जावं का?

२० मार्च आणि २२ सप्टेंबरच्या आसपास दुपार कलताना पिरॅमिडच्या कोपऱ्याची पायऱ्यापायऱ्यांची सावली उत्तरेकडच्या जिन्याच्या कठड्यावर पडते. उजेडाचे त्रिकोण एकाखाली एक तयार होतात आणि तळाशी असलेल्या दगडी सर्पमुखाला जोडले जातात. दृश्य देखणं आहे, पण त्या दिवशी हजारो डोकी मध्ये असतात, आणि ढग आले तर काहीच नाही. सावली आधीच्या-नंतरच्या काही दिवसांतही जवळजवळ तशीच पडते. तेव्हा जा.

चारी बाजूंना ९१ पायऱ्या आणि वरची एक मिळून ३६५, हा हिशोब गाईड सांगेलच. त्याहून मजेची गोष्ट कुठल्याही दिवशी करता येते. जिन्यासमोर उभं राहून एक टाळी वाजवा. परत येतो तो टाळीचा आवाज नसतो, पक्ष्याच्या चिरक्या, खाली घसरत जाणाऱ्या शिळेसारखा काहीतरी असतो. केत्साल पक्ष्याच्या आवाजाशी लोक तो जुळवतात. बांधणाऱ्यांनी तसं मुद्दाम केलं होतं का, यावर मतभेद आहेत.

९. भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोचा व्हिसा लागतो का?

लागतो. पण अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा शेंगेन देशांचा वैध व्हिसा, किंवा यांपैकी कुठलं कायम वास्तव्य असेल, तर पर्यटनासाठी वेगळा मेक्सिकन व्हिसा लागत नाही. व्हिसा जुन्या पासपोर्टवर असेल तर दोन्ही पासपोर्ट बरोबर ठेवा. किती दिवस राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. जास्तीत जास्त १८० मिळतात, पण हमखास नाही. परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग कागदावर छापून ठेवा.

भारतातून निघणाऱ्यांसाठी आणखी एक: अमेरिकेतल्या विमानतळावर फक्त विमान बदलायचं असलं तरी अमेरिकेचा व्हिसा लागतो. तो नसेल तर युरोप किंवा इस्तंबूलमार्गे तिकीट काढा.

१०. मी अमेरिकेत एच-वन-बीवर आहे. पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलाय, आय-९४ (अमेरिकेत राहायच्या मुदतीची नोंद) वैध आहे. कान्कून करून येऊ का?

इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. अमेरिकेत परत येण्यासाठी ‘ऑटोमॅटिक रीव्हॅलिडेशन’ नावाची सोय आहे: मेक्सिको किंवा कॅनडात ३० दिवस किंवा त्याहून कमी राहून, वैध आय-९४ दाखवून, संपलेल्या व्हिसावर परत येता येतं. पण मेक्सिकोत शिरण्यासाठी तो संपलेला शिक्का उपयोगाचा नाही. म्हणजे तुम्हाला अमेरिकेतल्या मेक्सिकन वकिलातीतून मेक्सिकोचा व्हिसा काढावा लागेल.

आणखी दोन अटी लक्षात ठेवा. या फेरीत अमेरिकन व्हिसासाठी नव्याने अर्ज केलात तर ही सोय जाते. आणि ती बेलीझ, ग्वाटेमाला, होंडुरासला लागू नाही, त्यामुळे कान्कूनहून ‘एवढं जवळ आहे तर’ म्हणून तिकालला गेलात की परतीचा दरवाजा बंद. कंपनीच्या वकिलाला विचारूनच तिकीट काढा.

११. आई-बाबा अमेरिकेत सहा महिन्यांसाठी आलेत. मेक्सिकोची फेरी केली की परतताना नवे सहा महिने मिळतात ना?

असं धरून चालू नका. मेक्सिकोची छोटी फेरी असेल तर अधिकारी जुनीच मुदत कायम ठेवू शकतो. मुदत वाढवायची युक्ती म्हणून ही सहल आखू नका. पोचल्यावर ऑनलाइन आय-९४ उघडून तारीख तपासा.

१२. बेलीझला गेल्यावर एका दिवसात तिकाल करून येता येतं म्हणे. ग्वाटेमालाचा व्हिसा वेगळा लागेल का?

सान इग्नासियो गावातून तिकाल दोन-अडीच तासांवर आहे आणि सहली रोज निघतात. पण सीमा ओलांडणं म्हणजे सीमा ओलांडणंच, मग ते सहा तासांसाठी का असेना. प्रश्न ९ मधली मेक्सिकोची सवलत इथे आपोआप लागू होत नाही. बेलीझ, ग्वाटेमाला, होंडुरास यांचे भारतीयांसाठीचे नियम वेगवेगळे आहेत आणि बदलत असतात. त्या त्या वकिलातीकडून लेखी उत्तर घ्या. बेलीझमध्ये परत शिरायची परवानगी आहे ना, तेही बघा. सहल विकणारा बहुतेकदा अमेरिकन गिऱ्हाइकांच्या हिशोबाने ‘नो प्रॉब्लेम’ म्हणतो. बेलीझमधून बाहेर पडताना निर्गमन शुल्कही भरावं लागतं.

१३. शाकाहारी माणसाचं काय?

उपाशी राहणार नाही, पण डोळे उघडे ठेवावे लागतील. मक्याच्या तोर्तिया (पातळ भाकऱ्या), काळा घेवडा, भात, अवाकादो, पपई, टोमॅटो हे सगळं मिळतं. गोची अशी की घेवड्यात डुकराची चरबी असू शकते आणि भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो. नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हटलं तर वरचं मांस काढून तीच ताटली पुढे येते. म्हणून पाठ करा: ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन मांतेका’ म्हणजे मांस नको, चिकन नको, चरबी नको. भातासाठी आणखी ‘सिन काल्दो दे पोयो’.

युकातानात सिकिल पाक जरूर मागा. भाजलेल्या भोपळ्याच्या बिया वाटून त्यात भाजका टोमॅटो घातलेली ती चटणी आपल्या जिभेला लगेच पटते. चाया नावाची पालेभाजीही मिळते, ती शिजवलेलीच खा. अंडं चालत असेल तर पापाद्सुलेस, म्हणजे भोपळ्याच्या बियांच्या रश्श्यातल्या अंडं भरलेल्या तोर्तिया. टेबलावरची आबानेरो मिरची मात्र चमच्याच्या टोकानेच घ्या, कोल्हापूरकरांनीसुद्धा.

१४. कांदा-लसूणही चालत नाही, मग?

‘सिन सेबोया, सिन आहो’. साल्सा आणि ग्वाकामोले दोन्हींत कांदा असतो. कोऱ्या तोर्तिया, कापलेला अवाकादो, लिंबू-मीठ आणि फळं यांवर दिवस निघतो. थेपले किंवा दशम्या बांधून घ्या, पण विमानतळावर अन्न जाहीर करावं लागतं हे विसरू नका.

१५. तिकालच्या जंगलात गाईडने चिकूचं झाड दाखवलं. तो खरंच आपलाच चिकू?

तोच. डहाणू-घोलवडच्या बागांमधला चिकू मूळचा याच प्रदेशातला. फळ ओळखीचं, पण तिथे मान लाकडाला आहे. तिकालच्या मंदिरांच्या दारांवरच्या तुळया चिकूच्या लाकडाच्या होत्या, आणि वाळवी-पावसाला पुरून त्यांतल्या काही हजाराहून अधिक वर्षं टिकल्या. चौथ्या मंदिरावरची कोरीव तुळई बघायची तर मात्र स्वित्झर्लंडमध्ये बाझलच्या संग्रहालयात जावं लागतं.

जुन्या झाडांच्या बुंध्यांवर तिरक्या नागमोडी खाचा दिसतील. च्युइंगगमसाठी चीक काढणाऱ्यांच्या त्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे चीकवाले झाडं शोधत रानोमाळ हिंडायचे, आणि कितीतरी माया शहरांचा पत्ता अभ्यासकांना त्यांच्याकडूनच लागला.

१६. माया लोक नामशेष झाले ना?

नाही. नवव्या शतकात दक्षिणेकडची बरीच शहरं ओस पडली. दुष्काळ, आपसातली युद्धं, जमिनीवरचा ताण अशी कारणं सांगतात. माणसं मात्र राहिली. ग्वाटेमालाच्या २०१८च्या जनगणनेत चाळीस टक्क्यांहून जास्त लोकांनी स्वतःला माया म्हणून नोंदवलं. तुमचा गाईड, तिकीट फाडणारा, हॅमॉक विकणारी बाई घरी युकातेक किंवा केक्ची ही माया भाषा बोलत असेल. ‘तुमचे पूर्वज कुठे गायब झाले?’ हा प्रश्न त्यांना रोज ऐकावा लागतो. तुम्ही विचारू नका.

तिकालला एखाद्या वेदीपाशी धूप-मेणबत्त्या लावून विधी चाललेला दिसला तर तो चालू धर्म आहे. लांबून बघा, फोटो नको.

१७. शिलास्तंभावरचं आपल्याला काही वाचता येईल का? आणि २०१२ ला जग बुडणार होतं त्याचं काय?

आकडे नक्की वाचता येतील, दहा मिनिटांत जमतं. टिंब म्हणजे एक, रेघ म्हणजे पाच, आणि शिंपल्यासारखं चिन्ह म्हणजे शून्य. दोन रेघा तीन टिंबं म्हणजे तेरा. दगडावर रेघ बहुधा उभी असते आणि चिन्हाच्या डावीकडे चिकटलेली. वाचायचं दोन-दोन स्तंभांच्या जोडीने: डावं, उजवं, मग खालची ओळ.

अनेक स्तंभांवर लेखाची सुरुवात मोठ्या चिन्हाने होते आणि लगेच पाच आकडी तारीख येते. तिचा पहिला आकडा १,४४,००० दिवसांचा, म्हणजे एका बाकतुनचा गठ्ठा मोजतो. तिथे एक रेघ आणि चार टिंबं, म्हणजे नऊ, दिसले तर तो दगड इसवी सन ४३५ ते ८३० या काळातली तारीख सांगतोय. बहुतेक वेळा नऊच दिसेल. कोपानला कधीकधी आकड्याच्या जागी चक्क चेहरा कोरलेला असतो, तिथे मुकाट्याने गाईडला विचारा.

२१ डिसेंबर २०१२ ला या मोजणीतले तेरा बाकतुन पुरे झाले, एवढंच. पालेंकेच्या एका लेखात इसवी सन ४७७२ मधल्या प्रसंगाची तारीख दिलेली आहे. २०१२ नंतर काही नसतं तर त्यांनी ती कोरली नसती.

१८. ड्रोन, ट्रायपॉड, व्हिडिओ चालतो?

ड्रोन नाही. ट्रायपॉडला परवानगी लागते. मोबाइलवर काढायला हरकत नसते, पण मोठ्या व्हिडिओ कॅमेऱ्याला मेक्सिकोत वेगळं शुल्क पडतं. बेलीझच्या आक्तुन तुनिचिल मुकनाल गुहेत कॅमेरा अजिबात नेऊ देत नाहीत. २०१२ मध्ये एका पर्यटकाच्या हातून कॅमेरा पडून तिथल्या प्राचीन कवटीला भोक पडलं, तेव्हापासून ही बंदी.

१९. सेनोटेत पोहता येतं का?

चिचेन इत्साच्या पवित्र सेनोटेत नाही. आसपासच्या गावांत पोहण्याचे भरपूर आहेत. उतरण्याआधी शॉवर घ्यावा लागतो आणि अंगाला सनस्क्रीन लावू देत नाहीत, कारण तेच पाणी गावांना पुरतं. पोहता येत नसेल तर लाइफ जॅकेट घ्या. काठापासून लगेच खोल असतं.

२०. गाडी भाड्याने घ्यावी का? आणि ‘त्रेन माया’?

युकातानात रस्ते सरळ आणि चांगले आहेत. ऑनलाइन दिसणाऱ्या स्वस्त भाड्यात तृतीय पक्ष विमा धरलेला नसतो आणि काउंटरवर बिल दुप्पट होतं, म्हणून विम्यासकटचा दर आधीच लेखी घ्या. गावाच्या वेशीवर ‘तोपे’ म्हणजे गतिरोधक असतात, न रंगवलेले. अंधारात गाडी चालवू नका.

त्रेन माया ही रेल्वे डिसेंबर २०२३ पासून सुरू झाली आणि कान्कून, वायादोलिद, मेरिदा, कांपेचे, पालेंके जोडते. लांबच्या टप्प्यांना उपयोगी, पण स्टेशन आणि अवशेष यांत अंतर असतं. पुढची बस किंवा टॅक्सी आधी ठरवा.

२१. च्यापासला जाणं सुरक्षित आहे का?

पालेंके गाव आणि अवशेष यांना पर्यटक सतत जातात. प्रश्न आहे तो पालेंकेहून सान क्रिस्तोबालला जाणाऱ्या डोंगरी रस्त्याचा, जिथे रस्ता अडवणं नेहमीचं, आणि ग्वाटेमालाच्या सीमेलगतच्या पट्ट्याचा, जिथे टोळ्यांच्या भांडणामुळे २०२३ पासून परिस्थिती बिघडली. बोनांपाक आणि याश्चिलान हे अवशेष त्या बाजूला आहेत. तिथे स्वतःची गाडी न घेता पालेंकेतल्या स्थानिक सहलीनेच जा, आणि त्या दिवशी हॉटेलवाला नको म्हणाला तर ऐका.

२२. अवशेषांजवळ एकाने ‘जुनी’ मातीची मूर्ती स्वस्तात देऊ केली. घेऊ का?

नकली असेल तर पैसे गेले. खरी असेल तर तुम्ही गेलात: मेक्सिकोत १९७२ च्या कायद्याने अशा वस्तू राष्ट्राच्या मालकीच्या आहेत आणि बाहेर नेणं गुन्हा आहे. खाली पडलेलं खापर किंवा दगडाचा तुकडाही उचलू नका. उघड उघड नव्या, रंगवलेल्या लाकडी मुखवट्यांना काही अडचण नाही. चिचेन इत्साच्या आतच शेकडो फेरीवाले ते विकतात आणि जग्वारची डरकाळी काढणारी शिट्टी दर पाच पावलांवर वाजते. सांगितलेल्या किमतीच्या निम्म्यापासून घासाघीस सुरू करा. शिट्टी घेतलीत तर मुलांच्या हाती परतीच्या विमानानंतरच द्या.